प्ररोचना आणि मुखपृष्ठ : व्हिडिओ गेमच्या दर्शनी चित्राचा विचार

संस्कृत नाट्यशास्त्राने भारती वृत्तीची चार अंगे सांगितली आहेत : प्ररोचना, आमुख, वीथी आणि प्रहसन. त्यांपैकी आमुख, म्हणजे प्रस्तावना, हे अंग नाटकाच्या प्रत्येक अभ्यासकाच्या परिचयाचे असते. प्ररोचनेचा उल्लेख मात्र बहुधा परीक्षेपुरता होतो. प्रयोगाच्या आरंभी प्रशंसेच्या द्वारे प्रेक्षकाचे मन नाट्यवस्तूकडे वळविणे, त्याला उन्मुख करणे, हे प्ररोचनेचे कार्य होय. हर्षाच्या ‘रत्नावली’त सूत्रधार कवीचे नैपुण्य, सभेची गुणग्राहकता, कथेची मनोहरता आणि नटांचे कौशल्य ही चारही एकाच श्लोकात गोवतो. या चौघांत सभेचाही अंतर्भाव आहे, ही गोष्ट सहज दृष्टीआड होते. सूत्रधार ज्यांना बोलावतो, त्यांना तो ओळखतो. आणि आपण ओळखतो हे त्यांना ऐकवतोही. ‘मालविकाग्निमित्रा’तील प्रसंग याहून बिकट आहे. भासासारख्या प्रथितयश कवींना डावलून वर्तमानकाळच्या कालिदासाला एवढा मान का, असा प्रश्न पारिपार्श्वक विचारतो. आणि जुने तेवढे चांगले व नवे तेवढे वाईट असे नसते, अशा आशयाचे उत्तर सूत्रधाराला द्यावे लागते. गाजलेल्या नावांच्या गर्दीत नवख्या कृतीसाठी जागा करून घेणे हे काम कालिदासालाही चुकले नाही.

हे काम आज कोण करते, असा प्रश्न केला तर ग्रंथाचे मुखपृष्ठ, नाटकाची वृत्तपत्रातील जाहिरात, चित्रपटाचे भित्तिपत्रक ही उत्तरे चटकन सुचतात. या मालिकेत अलीकडे आणखी एकाची भर पडली आहे : व्हिडिओ गेमचे दर्शनी चित्र. पूर्वी ते पुठ्ठ्याच्या पेटीवर छापले जाई. आता ते बव्हंशी संगणकाच्या वा दूरध्वनीच्या पडद्यावरील दुकानात, इतर शेकडो चित्रांच्या ओळीत, टपाल-तिकिटाएवढे होऊन उभे असते. विद्यापीठीय पत्रिकेत अशा विषयाला स्थान देणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या समीक्षेने दलालांच्या मुखपृष्ठांकडे ‘ती तर केवळ सजावट’ म्हणून दीर्घकाळ पाठ फिरवली, तिने तीच चूक दुसऱ्यांदा करण्यात काही हशील नाही.

मराठी मुखपृष्ठाचा इतिहास दिवाळी अंकाशी निगडित आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, आणि पुढील काही दशकांत दिवाळी अंक ही वाङ्मयीन घटना तर झालीच, पण ती दृश्य घटनाही झाली. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले. गोव्याकडच्याच रघुवीर मुळगावकरांचा (१९१८–१९७६) कुंचलाही त्याच काळात घरोघर पोहोचला. विक्रेत्याच्या फळीवर दहावीस अंक एकमेकांवर रेलून ठेवलेले असत. त्यांतील पुष्कळांचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा दिसे. त्या तिसऱ्या हिश्शात अंकाचे नाव आणि एखाद्या स्त्रीचा चेहरा येई. दिवाळी अंकावर स्त्रीचे चित्र हा संकेत पुढे उपहासाचा विषय झाला, आणि तो उपहास सर्वस्वी अनाठायी नव्हता. तथापि चेहरा वर का, नाव कोठे, पार्श्वभूमी सपाट का, या गोष्टी चित्रकाराच्या लहरीने ठरत नव्हत्या. फळीच्या रचनेने त्या ठरवल्या होत्या. नागपुरात सीताबर्डीला अंक घेणारा गृहस्थ आणि मुंबईत गिरगावात अंक घेणारी गृहिणी यांच्या अभिरुचीत अंतर असेल. पण दोघांनाही त्या चित्रातील नऊवारी, निरांजन, रांगोळी यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. दलालांची सभा त्यांच्यासमोर बसलेली होती.

मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी केलेली चित्रे या दृष्टीने अधिक बोधप्रद आहेत. अर्नाळकरांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या वर गेली. काळा पहाड, झुंजार, धनंजय हे त्यांचे नायक वाचकाच्या नित्य परिचयाचे होते. अशा पुस्तकाच्या मुखपृष्ठाला कथा सांगावयाची नसते. तोच नायक पुन्हा आला आहे एवढे ओळखू द्यावयाचे असते आणि या वेळी संकट निराळे आहे एवढे सुचवावयाचे असते. ओळख आणि नावीन्य यांचे हे प्रमाण मुळगावकरांना बरोबर साधले होते. उच्चभ्रू समीक्षेने या चित्रांना भडक ठरविले. भडकपणा होता, पण तो रेल्वे स्थानकावरच्या घाईत असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर होता, हेही तितकेच खरे.

याहून निकटचा पूर्वज मात्र मुखपृष्ठात नव्हे, तर वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिरातींत सापडतो. मराठी दैनिकाच्या त्या पानावर डझनावारी लहानलहान चौकटी एकमेकींना चिकटून असत. चित्राला जागा नाही, रंग नाही, छपाई खरबरीत. अशा ठिकाणी कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकाच्या नावाच्या अक्षरांनाच चित्र केले. त्या अक्षरांच्या वळणावरून नाटक गंभीर की फार्सिकल, ऐतिहासिक की कौटुंबिक, हे वाचण्यापूर्वीच कळे. पाहणे आणि वाचणे यांमधील तो क्षण शेडग्यांनी ताब्यात घेतला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. विदर्भात झाडीपट्टीच्या रंगभूमीवर, वडसा-देसाईगंज येथे ज्या नाटकमंडळ्यांची कार्यालये आहेत त्यांच्या फलकांवर, हेच तत्त्व निराळ्या रीतीने दिसते. तेथे नावच एवढे आवेशपूर्ण असते की अक्षरांना वेगळी मेहनत करावी लागत नाही. नटनटींचे चेहरे आणि नाव एवढ्यावर गाव ठरवते की धानाची कापणी उरकल्यावर रात्र कोठे जागवायची.

आता व्हिडिओ गेमकडे वळता येईल. या कलाप्रकाराच्या दर्शनी चित्रापुढे एक अडचण आहे, जी ग्रंथापुढे वा नाटकापुढे नाही. ग्रंथ वाचायचा असतो, नाटक पाहायचे असते. खेळ करावयाचा असतो. त्याचा आस्वाद हाताच्या बोटांतून होतो. कृती हे त्याचे सारतत्त्व, आणि चित्र तर स्थिर. मग चित्राने दाखवायचे काय?

आरंभीच्या काळी या प्रश्नाला सरळ बगल देण्यात आली. अटारी कंपनीचे घरगुती यंत्र १९७७ साली अमेरिकेत बाजारात आले तेव्हा पडद्यावर जे दिसे ते म्हणजे काही रंगीत चौकोन. पेट्यांवर मात्र क्लिफ स्पॉनसारख्या कुशल चित्रकारांनी रणगाडे, विमाने, धूर, वेग यांनी भरलेली चित्रे काढली. ही चित्रे खोटी होती काय? काटेकोर अर्थाने होतीच. पण त्यांचा उपयोग निराळा होता : तो चौकोन म्हणजे रणगाडा आहे असे मानण्याची उभारी ती मुलाच्या मनाला देत. कीर्तनकाराच्या हातातील उपरणे क्षणभर समुद्र होते, तशातलाच तो प्रकार. हे आश्वासन कल्पनेला दिलेले असल्यामुळे तिनेच ते फेडलेही.

हा समजूतदारपणा सर्वांनाच साधला असे नाही. कॅपकॉम या जपानी संस्थेचा १९८७ सालचा ‘रॉकमन’ हा खेळ अमेरिकेत ‘मेगा मॅन’ या नावाने विकला गेला. खेळातला नायक म्हणजे हातालाच तोफ बसवलेला एक चिमुकला निळा यंत्रबालक. अमेरिकन पेटीवर अवतरला तो वेडावाकडा उभा राहिलेला, हातात पिस्तूल घेतलेला प्रौढ पुरुष. हे चित्र आज निकृष्ट मुखपृष्ठाचा नमुना म्हणून ओळखले जाते. त्यातले शरीररचनेचे दोष तूर्त बाजूला ठेवावेत. खरा दोष असा की, चित्र ज्या कृतीचे वचन देते ती कृती खेळात नाही. अटारीचे चित्र चौकोनाला अर्थ देत होते, हे चित्र असलेला अर्थ हिरावून घेते.

फुमितो उएदा याच्या ‘इको’ या खेळाचे उदाहरण या संदर्भात सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण एकाच कृतीची दोन मुखपृष्ठे येथे तुलनेसाठी उपलब्ध आहेत. २००१ साली अमेरिकेत खेळ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा मुलाचा चेहरा मोठा करून पुढे आणलेले, धोपट मार्गाचे चित्र त्यावर होते. जपानी व युरोपीय आवृत्त्यांसाठी उएदाने स्वतः चित्र रंगविले. जॉर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराच्या रिकाम्या चौकांची आणि लांबलचक सावल्यांची छाया त्यावर स्पष्ट आहे. प्रचंड वास्तू, पिवळसर उजेड, आणि खाली दोन अगदी लहान आकृती, एकमेकांचा हात धरून धावणाऱ्या. विक्रीशास्त्राच्या रूढ नियमांनी पाहता हे चित्र सदोष आहे : नायकाचा चेहरा नाही, शस्त्र नाही, शत्रू नाही. परंतु हा खेळ खेळताना खेळाडूला मुख्यतः करावे लागते ते हेच की, बोटाखालची कळ दाबून धरून त्या मुलीचा हात धरावयाचा आणि तिला त्या अवाढव्य दगडी वाड्यातून बाहेर न्यावयाचे. कळ सुटली की हात सुटतो. म्हणजे त्या चित्रात जे दिसते तेच बोट करते. चित्र स्थिर असूनही कृती दाखविते, कारण ते कर्त्याचे आणि त्याच्या जगाचे नाते दाखविते : कोण केवढा, कोण कोणाकडे, कोणापासून किती दूर. अमेरिकन मुखपृष्ठ कोण आहे ते सांगते. उएदाचे मुखपृष्ठ काय करावे लागणार ते सांगते. चांगल्या दर्शनी चित्राची कसोटी येथे मिळते.

या कसोटीवर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. ज्याने खेळ खेळलेला नाही त्याला ती नाती कशी कळावीत? मुखपृष्ठ तर न खेळलेल्यासाठीच असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बायोशॉक इन्फिनिट’ या खेळाच्या मुखपृष्ठावर बंदूक खांद्यावर टाकलेला एक पुरुष आणि मागे जळते अमेरिकन निशाण एवढेच होते. ज्या एलिझाबेथच्या सोबतीने खेळाचा बराचसा भाग घडतो, ती दर्शनी बाजूस नव्हती. चाहत्यांनी नाराजी दर्शविली तेव्हा निर्माता केन लेव्हिन याने मोकळेपणाने सांगितले की, चाहते तर खेळ घेणारच आहेत. ज्याने नावही ऐकलेले नाही त्या दुकानात उभ्या असलेल्या माणसासाठी हे चित्र आहे. पुढे चाहत्यांसाठी वेष्टनाच्या मागील बाजूस निराळे चित्र छापण्यात आले. लेव्हिनचा युक्तिवाद प्रामाणिक आहे. परंतु त्यात एक गृहीत दडले आहे : अपरिचित माणसाला केवळ परिचित वस्तूनेच बोलावता येते. हे गृहीत मान्य केले तर सर्वच मुखपृष्ठे हळूहळू एकसारखी होतात आणि मग त्यांपैकी कोणतेच बोलावीत नाही. बंदूकधारी पुरुषांच्या ओळीत आणखी एक बंदूकधारी पुरुष उभा केल्याने निवड सोपी होत नाही. शिवाय उएदाच्या चित्रातील हात धरून धावणारी दोन मुले कोणाला अपरिचित आहेत? अपरिचित आहे ती त्यांच्याभोवतालची जागा. आणि उत्कंठा नेमकी त्या फरकातून निर्माण होते. मुळगावकरांना साधलेले ओळख व नावीन्य यांचे प्रमाण ते हेच.

आजच्या दुकानाची स्थिती आणखी कठीण आहे. स्टीम हे २००३ साली सुरू झालेले दुकान संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेठ होय. तेथे २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. दर्शनी चित्राला तेथे कॅप्सूल म्हणतात, आणि एकाच खेळाला अनेक आकारांची कॅप्सूल द्यावी लागतात : ग्रंथालयासाठी उभे, ६०० बाय ९०० बिंदूंचे, शोधयाद्यांसाठी आडवी पट्टी, ४६२ बाय १७४ बिंदूंची, जी प्रत्यक्षात त्याहूनही बारीक होऊन दिसते. एकच चित्र कापून सर्व आकार भागविण्याचा मोह नवशिक्यांना होतो, आणि तो घातक असतो. उभ्या चित्रात डोक्यापासून पायांपर्यंत उभी असलेली आकृती आडव्या पट्टीत आणली की नुसता कमरपट्टा उरतो. पट्टीसाठी रचना मुळातून निराळी करावी लागते. त्या पट्टीत नावाच्या अक्षरांनीच जवळजवळ सर्व जागा व्यापावी, अशी दुकानाची शिफारस आहे. शेडग्यांची चौकट येथे परत आली, असे म्हणता येईल.

सप्टेंबर २०२२ पासून या दुकानाने आणखी एक बंधन घातले. दर्शनी चित्रावर खेळाचे चित्र, खेळाचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच असावे; समीक्षकांनी दिलेले गुण, पारितोषिकांची नावे, सवलतीच्या घोषणा यांना मज्जाव. प्ररोचनेच्या दृष्टीने ही घटना विलक्षण आहे. प्रशंसा हे जिचे लक्षण, तिच्यातून प्रशंसाच वजा झाली! कवी निपुण आहे, सभा गुणग्राही आहे, हे सूत्रधाराने म्हणायचे नाही. पडद्यातून हात तेवढा बाहेर काढून बोलवायचे. ज्या चित्रकारांना यात अन्याय वाटला त्यांनी आपली चित्रे पुन्हा पाहावीत. दहापैकी नऊ गुणांचा शिक्का काढल्यावर ज्या चित्रात काही उरत नाही, त्या चित्रात आधीही काही नव्हते.

लहान होण्याने चित्रातले काय मरते आणि काय जगते, याचाही थोडा विचार आवश्यक आहे. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले द. ग. गोडसे यांनी ‘पोत’ (१९६३) या ग्रंथाने त्या संज्ञेला मराठी कलाविचारात प्रतिष्ठा मिळवून दिली. दर्शनी चित्र अंगठ्याच्या नखाएवढे झाले की सर्वांत आधी नाहीसा होतो तो पोत. कापडाची वीण, दगडाचा खरखरीतपणा, कुंचल्याचा फटकारा, ज्यांच्यावर चित्रकाराने दिवसचे दिवस खर्च केलेले असतात, ते सर्व एका करड्या डागात मिसळून जाते. त्यानंतर मिटतात ते चेहऱ्यावरील भाव. शेवटपर्यंत टिकतात ती तीनच : आकृतीची बाह्यरेषा, उजेड-अंधाराचा विरोध आणि एक प्रमुख रंग. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या लयतत्त्वांत संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी मानली. त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर पट्टीच्या आकारात समतोल जेमतेम जाणवतो, संवाद गढूळ होतो, आणि विरोध तेवढा शाबूत राहतो. अर्थात मर्ढेकरांचा सिद्धान्त लाखो चौकोनी बिंदूंसाठी रचलेला नव्हता, त्यामुळे हे उपयोजन फार ताणण्यात अर्थ नाही.

अक्षरांचा प्रश्न देवनागरीच्या बाबतीत अधिक अवघड होतो. रोमन मोठ्या अक्षरांचे शीर्षक दोन समांतर रेषांत मावते. पट्टीची सारी उंची अक्षराच्या अंगाला मिळते. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना शिरोरेषेच्या वर जागा द्यावी लागते. उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली उतरतात. साहजिकच त्याच उंचीच्या पट्टीत देवनागरी अक्षराचे अंग लहान होते. शिवाय शिरोरेषा सर्व अक्षरांना जोडते. आकार घटला की तिची एक जाड काळी पट्टी होते आणि अक्षरांच्या पोटातील पोकळ्या बुजतात. यावर शेडग्यांनी काढलेले मार्ग आजही उपयोगी आहेत : शिरोरेषा कोठे तोडायची, कोठे तिलाच वळवून मात्रा करायची, कोणत्या अक्षराला मोठेपण देऊन इतरांना त्याच्या आश्रयाला आणायचे. या मार्गांचा खेळांच्या शीर्षकांसाठी पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. उलट परदेशी दुकानांत भारतीय म्हणून जे विकले जाते त्यावर रोमन अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ मारून देवनागरीचा आभास निर्माण करण्याची एक खोड आढळते. त्या अक्षरांना लिपीचा वेष आहे, वाचन नाही.

ही खोड नवी नव्हे. अलेक्सेई पाजितनोव याने मॉस्कोत १९८४ साली रचलेला ‘टेट्रिस’ हा खेळ शुद्ध आकारांचा आहे : सात प्रकारचे तुकडे वरून पडतात आणि खेळाडूने ते खाली बसवायचे. त्यात कथा नाही, देश नाही, मनुष्य नाही. पण तो अमेरिकेत विकताना पेटीवर मॉस्कोतील संत बासिलच्या मंदिराचे कांद्याच्या आकाराचे घुमट आले. काही आवृत्त्यांत आर हे रोमन अक्षर रशियन लिपीतील अक्षरासारखे उलटे छापले गेले. खेळाचे चित्र काढता येईना, म्हणून त्याच्या देशाचे चित्र विकले. विक्रीच्या दृष्टीने ही युक्ती यशस्वी झाली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते चित्र कोणाला उद्देशून होते? मॉस्कोच्या माणसाला संत बासिलचे घुमट दाखवून कोणी उन्मुख करणार नाही. ती सभा पूर्णपणे परकी होती, आणि तिच्या डोळ्यांनीच खेळाने स्वतःकडे पाहिले.

महाराष्ट्रात घडलेल्या खेळांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २०१७ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या पेठेत संस्थेने केलेले आवाहन अपेक्षित रकमेपर्यंत पोहोचले नव्हते. तेव्हा सभा जमविणे किती दुष्कर असते हे या मंडळींना अनुभवाने ठाऊक होते. राजी ही डोंबाऱ्याच्या कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. दुर्गा तिला शस्त्र देते. दुर्गा आणि विष्णू वरून तिचा प्रवास पाहत निवेदन करतात. वास्तू राजस्थानच्या, रंगयोजनेवर पहाडी शैलीचा प्रभाव. खेळ देखणा आहे याविषयी दुमत असू नये.

त्याचे नाव मुखपृष्ठाच्या दृष्टीने भाग्यवान आहे. ‘राजी’ ही दोनच अक्षरे. खाली उतरणारा उकार नाही, जोडाक्षर नाही. रोमनमध्येही चारच चिन्हे. कितीही बारीक पट्टीत ते वाचता येईल. पण विशेषनाम स्वतःहून काही सांगत नाही, आणि प्रशंसेला बंदी असलेल्या जागी बोलण्याचे सारे काम उपशीर्षकावर पडते. ‘एक प्राचीन महाकाव्य’ अशा अर्थाचे ते उपशीर्षक खेळाला मोठे करते, की त्याच्यापासून दूर नेते? खेळाचा गाभा एका बहिणीने आपल्या भावाला शोधण्याचा आहे. तो प्राचीन नाही आणि महाकाव्याच्या विस्ताराचाही नाही. तो घरगुती आहे, आणि म्हणूनच जगाला कळण्याजोगा आहे. ‘प्राचीन’ हा शब्द त्या सभेसाठी आहे जिला भारत म्हणजे प्राचीन असेच ठाऊक आहे. घुमटांचे जे काम मॉस्कोसाठी झाले, तेच काम येथे एका विशेषणाने, पुष्कळ अधिक सुसंस्कृतपणे, केले आहे. त्रिशूळधारी मुलीची प्रतिमा खेळाची ओळख झाली यातही तोच कल दिसतो. प्रतिमा प्रभावी आहे, तिची बाह्यरेषा लहान आकारातही टिकते. पण तिच्यात राजी कोण ते आहे, ती कोणाला शोधते आहे ते नाही. उएदाच्या चित्रातील दुसरी आकृती येथे असती तर?

पुण्यातील संस्थेने राजस्थानच्या वास्तू का घ्याव्यात, अशी प्रादेशिक तक्रार येथे अभिप्रेत नाही. कलावंताने कोठूनही घ्यावे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. या खेळातील कथाभाग छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितला जातो. छायाबाहुली म्हणजे बाह्यरेषा, आणि उजेडापुढे धरलेला अंधार. लहान होताना जे टिकते नेमके तेवढ्यावरच ती कला उभी आहे. दर्शनी चित्राचा प्रश्न जेथे सुटला असता ती जागा खेळाच्या आतच होती. दारावर मात्र सर्वत्र चालते तसे रंगीत, तपशिलांनी भरलेले, नायकाला पुढे आणणारे चित्र आले.

आणि ही कला महाराष्ट्राला परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजात चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या दोन्ही परंपरा चालत आल्या आहेत. त्यांचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. चित्रकथीची सुटी चित्रे आणि पैठणची म्हणून ओळखली जाणारी त्याच कुळातील चित्रे पाहिली की त्यांची रचना का तशी आहे हे उमगते. कथेकरी एक चित्र हातात धरतो, रामायण-महाभारतातील त्या प्रसंगाचे आख्यान सांगतो, मग ते चित्र खाली ठेवून दुसरे उचलतो. देवळाच्या ओसरीवर, मंद उजेडात, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही ते ओळखू यावे लागते. म्हणून चेहरा एका बाजूने, डोळा मोठा, रेषा जाड, रंग मोजके आणि सपाट, पार्श्वभूमी रिकामी. दोन आकृती समोरासमोर असल्या की त्यांच्यामधल्या अंतरावरून युद्ध की भेट हे कळते. शस्त्राची दिशा आणि पावलाची दिशा यांतून पुढे काय घडणार ते सुचते. दूरवरून पाहिलेले मोठे चित्र आणि जवळून पाहिलेले लहान चित्र डोळ्याला सारखेच; चित्रकथीकाराने ओसरीच्या लांबीसाठी जे योजिले ते पट्टीच्या बिंदूंनाही लागू पडते. मुख्य म्हणजे त्या चित्रांत व्यक्तीपेक्षा नाते आधी दिसते. कथा तर कथेकरी सांगतोच. चित्राने कोण कोणाच्या समोर उभा आहे एवढे दाखवायचे.

पिंगुळीची सभा रामकथा जाणणारी होती, हा फरक मात्र कायम राहतो. पडद्यावरील दुकानात चित्रांच्या ओळीवरून बोट फिरविणाऱ्या माणसाला गोलू माहीत नाही, राजी माहीत नाही, आणि त्याला ते सांगण्यासाठी शेजारी कथेकरी बसलेला नाही. एका मुलीची काळी आकृती, तिच्यापासून बऱ्याच अंतरावर दुसरी लहान आकृती आणि मध्ये रिकामा उजेड, एवढे त्या पट्टीत नक्की मावते.